फ्लूचे तीन आठवडे: श्वासनलिकेत काय मरतं आणि घरात काय करायचं

कणकण जाणवली त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेच्या चौकोनात 'ताप' लिहा आणि शेजारी वेळ टाका. गोळी त्यानंतर. पुढचे बहुतेक निर्णय या नोंदीवरून घ्यायचे आहेत. विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं, पाचव्या ते दहाव्या दिवसात धोक्यावर नजर ठेवायची असते आणि दोन आठवडे उलटूनही खोकला राहिला तर थुंकी तपासायची असते. दवाखान्यात "कधीपासून आहे?" विचारलं की "झाले की चार-पाच दिवस" असं उत्तर येतं. त्या 'चार-पाच'मध्ये डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा एकदा तो डोकं वर काढतो. त्याच पावसात डेंग्यू आणि लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असतात, म्हणून पुढे औषधांबद्दल लिहिलंय ते नीट वाचा.

अस्तरात काय घडतं

नाकापासून फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत आतून पेशींचं एक अस्तर असतं. त्यातल्या तीन प्रकारच्या पेशी लक्षात ठेवल्या तरी पुरे. पहिल्या केसाळ पेशी. एकेकीच्या माथ्यावर सुमारे २०० सूक्ष्म केस असतात आणि ते सेकंदाला १० ते १५ वेळा एकाच दिशेला हलतात. दुसऱ्या शेंबूड तयार करणाऱ्या. तिसऱ्या अगदी तळाशी पडद्याला चिकटून बसलेल्या आधारपेशी. वरच्या पेशी मेल्या की या विभागतात आणि अस्तर पुन्हा उभं करतात.

साखर कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा सरकता पट्टा, पाहिली असेल तर हे चटकन समजेल. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी जे काही शेंबडात अडकेल ते केसांच्या जोरावर सतत घशाकडे सरकत राहतं आणि आपण नकळत गिळून टाकतो. गव्हाण थांबली की माल साचतो, तसा केस थांबले की कफ साचतो. मग तो वर आणायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खोकला.

फ्लूचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला चिकटतो आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. त्याचे आरएनएचे आठ तुकडे पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथली यंत्रणा स्वतःच्या कामाला जुंपतात. साधारण ६ ते ८ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात. या काळात पेशी मरू नये अशीच विषाणूची धडपड असते, कारण माल तयार होण्याआधी कारखाना पडून चालत नाही. एनएस१ नावाचं त्याचं प्रथिन पेशीची धोक्याची हाक दाबून ठेवतं. उलट पेशीचा प्रयत्न असतो की आपण लवकर मरावं, म्हणजे विषाणूलाही आपल्याबरोबर संपवता येईल. ही रस्सीखेच कोण जिंकतं यावर आजार किती पसरणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

पेशी मरते ती तीन तऱ्हांनी, आणि तऱ्हा कुठली यावर तुम्हाला होणारा त्रास अवलंबून असतो.

पहिली अपॉप्टोसिस. हे नाव १९७२ साली दिलं गेलं. गणपती झाल्यावर मांडव उतरवतात तसं हे काम चालतं. आधी कापड, मग दांडे, मग दोरखंड, सगळं बांधून बाजूला. पेशी आकसते, तिचा डीएनए तुकड्यांत कापला जातो आणि तिच्या पुरचुंड्या होतात. भक्षकपेशी त्या गिळतात, आतलं काही बाहेर सांडत नाही, म्हणून सूजही फार येत नाही. हे काम कॅस्पेज नावाची विकरं करतात. फ्लूचा विषाणू इतका बेरकी की कॅस्पेज-३ जागं झालं की त्याचाच फायदा घेऊन आपलं आरएनए केंद्रकाबाहेर काढतो. त्याचं पीबी१-एफ२ हे छोटं प्रथिन तर थेट पेशीच्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे तिच्या ऊर्जाघरांवर, घाला घालतं.

दुसरी नेक्रोप्टोसिस. पेशीत झेडबीपी१ नावाचा पहारेकरी असतो. विषाणूचं वेगळ्या पिळाचं आरएनए दिसलं की तो आरआयपीके३ या प्रथिनाला उठवतो आणि आरआयपीके३ एमएलकेएल या दुसऱ्या प्रथिनाला. एमएलकेएल पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. पेशी फुगते, फुटते आणि आतलं सगळं बाहेर सांडतं. शेजारच्या पेशींना ते सांडलेलं म्हणजे धोक्याची घंटा वाटते, आणि सूज वाढते.

तिसरी पायरोप्टोसिस. यात भोकं पाडतं ते गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन. त्या भोकांतून इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं आणि ताप चढवणाऱ्या रसायनांपैकी ते एक आहे. गुऱ्हाळात काहिलीतला (मोठ्या कढईतला) उसाचा रस उतू गेला की चुलवाणासकट आजूबाजूचं सगळं बरबटतं, तसा प्रकार.

याखेरीज काही पेशी विषाणू मारत नाही, आपलीच फौज मारते. आधी नैसर्गिक मारेकरी पेशी, आणि साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून टी-पेशी येऊन विषाणू शिरलेली पेशी हेरतात, तिला भोक पाडतात आणि आत ग्रँझाइम ही पेशी मारणारी विकरं सोडतात. विषाणू हटवायचा तर हे व्हावंच लागतं. म्हणून नाकातला विषाणू कमी होत असतानाही छाती मात्र सोलून निघाल्यासारखी वाटते.

सगळे विषाणू असे विध्वंसक नसतात. साध्या पडशाचा ऱ्हायनोव्हायरस फार थोड्या पेशी बिघडवतो, नाक गळतं ते मुख्यतः आपल्या प्रतिकाराच्या गडबडीमुळे. आरएसव्ही हा विषाणू लहान मुलांच्या बारीक नळ्यांत केसाळ पेशी सोलून काढतो आणि त्या सालांचे व शेंबडाचे बूच नळीत बसतात. तान्ह्या बाळाची नळी आधीच सुतासारखी, म्हणून बाळ घरघरतं. कोविडचा विषाणू एसीई-२ या कुलपातून शिरतो आणि केसाळ पेशींचे केस झडवतो. वास जातो तो बहुतेकदा वासाच्या मज्जापेशी मेल्यामुळे नव्हे. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी मेल्यामुळे जातो, आणि त्या पुन्हा उगवतात म्हणून वास बहुधा परत येतो. अॅडेनोव्हायरस आधी पेशीचा अपॉप्टोसिस रोखून धरतो आणि माल तयार झाला की स्वतःच्या खास प्रथिनाने पेशी फोडतो.

पहिले दोन दिवस

पहिला प्रश्न हा की घरातल्या आजाऱ्याला विषाणूवरचं औषध लागणार आहे का. गरोदर बाई, ६५ च्या वरची माणसं, पाच वर्षांखालची आणि त्यातही दोन वर्षांखालची मुलं, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, यांना ताप-खोकला आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ऑसेल्टामिव्हीर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. मोठ्यांना सहसा ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांचा डोस वजनावर.

४८ तासांची घाई का? हे औषध विषाणूच्या न्युरामिनिडेज या कात्रीला बोथट करतं, म्हणजे तयार विषाणू पेशीवरून सुटून शेजारी जाऊ शकत नाही. मेलेली पेशी त्याने जिवंत होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत विषाणूची संख्या शिखरावर जाते. त्यानंतर कात्री बोथट केली तरी बरंचसं अस्तर आधीच गेलेलं असतं. मात्र दाखल करण्याइतका आजार असेल तर डॉक्टर ४८ तासांनंतरही ते देतात, म्हणून "आता उशीर झाला" असं घरीच ठरवू नका.

अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही. ते जिवाणूच्या भिंतीवर किंवा जिवाणूच्या यंत्रणेवर काम करतं आणि विषाणूकडे यातलं काहीच नसतं. मागच्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या डब्यातून काढून घेणं ही कोल्हापुरात आणि सगळीकडेच दिसणारी खोड. त्यातून जुलाब मिळतात, आणि सातव्या दिवशी खरंच न्यूमोनिया झाला तर आधीच्या अर्धवट गोळ्यांमुळे निदान आणि उपचार दोन्ही अवघड होतात.

ताप, पाणी, नाक

तापासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बहुतेक सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. एक सर्दीची, एक तापाची असं करत माणूस दुप्पट डोस घेतो, म्हणून पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती चमच्यात. सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० असतं. १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम लागतं: पहिल्या सिरपचं ५ ते ७.५ मिली, दुसऱ्याचं अडीच ते साडेतीन, थेंबांचं १.२ ते १.८. शेजारणीने "आम्ही पाच मिली देतो" म्हटलं तर आधी तिच्या बाटलीवरचा आकडा विचारा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी औषध देत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

मुलांना अॅस्पिरिन कधीच नाही, फ्लूमध्ये त्यातून यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. पावसाळ्यात डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत मोठ्यांनीही आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावं, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो.

पाणी भरपूर का, तर शेंबूड पातळ राहावा म्हणून. उरलेसुरले केस घट्ट शेंबूड ढकलू शकत नाहीत. पेज, ताक, वरणाचं पाणी, आणि मटण शिजत असलं तर त्याचं अळणी पाणी. तांबडा रस्सा मात्र दोन आठवडे कपाटात ठेवा. यात पथ्याची अंधश्रद्धा नाही. अस्तर सोललेलं असताना खोकल्याच्या मज्जातंतूंची टोकं उघडी आणि चिडलेली असतात. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं त्यांच्यावरच्या टीआरपीव्ही१ या कळीवर बोट ठेवतं. खोकल्याची औषधं पारखायला शास्त्रज्ञ माणसांना कॅप्सायसिनच हुंगवतात, इतकी ती ओळखीची कळ आहे. घरात चटणीसाठी मिरच्या भाजायच्या असतील तर आजारी माणूस त्या वेळी घरात नको.

पाणी पुरतंय का हे लघवीवरून ओळखा. फिकट पिवळी ठीक. मुलाला सहा-आठ तास लघवीच झाली नाही तर डॉक्टर. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर १ लिटर पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

नाक धुवायचं पाणी घरी करता येतं: अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात पाऊण चमचा सपाट मीठ, चहाच्या चमच्याने. हे सुमारे साडेचार ग्रॅम होतं, म्हणजे रक्ताइतकंच खारट. साधं पाणी नाकात गेलं की झोंबतं कारण पेशीत मीठ जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी पेशीत घुसतं आणि ती फुगते. मीठ जास्त झालं तर उलटं होतं, पेशी आकसते, आणि तरीही झोंबतं. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात घालू नका, त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. तान्ह्या बाळाला मेडिकलमधलेच सलाइनचे थेंब, दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन.

वाफेने विषाणू मरत नाही, तो पेशीच्या आत बसलेला असतो. थोडं मोकळं वाटतं इतकंच, पण उकळत्या पातेल्यावर वाकलेली मुलं भाजतात. आणि बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देणं बंद करा. केस आधीच पडलेले असताना त्या नळ्यांत धूर घालणं म्हणजे बंद गव्हाणीत आणखी ऊस टाकणं. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावायचा नाही, नाकात तर कोणालाच नाही. एक वर्षाखाली मधही नको.

पाचवा ते दहावा दिवस

हे पान सर्वांत महत्त्वाचं. ताप उतरला, माणूस उठून बसला, दीड-दोन दिवस बरे गेले आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा किंवा गंजासारखा बेडका, श्वास घेताना बरगडीत कळ. हा दुसरा ताप बहुधा जिवाणूंचा असतो. पेशी गळून पडल्यावर तळाचा पडदा उघडा पडतो, न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकसला चिकटायला तीच जागा हवी असते, आणि त्यांना बाहेर ढकलणारे केस नसतात. १९१८ च्या महासाथीत जे मेले त्यांतल्या बहुतेकांना असा जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला होता, तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आता आहेत, आणि ती वापरायची वेळ ही. म्हणून दुसरा ताप आला त्याच दिवशी दवाखाना.

या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन मोजमापं लिहून ठेवा.

एक, श्वास. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करून मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. मोठ्यांत २४ च्या वर गेला तर डॉक्टर, ३० च्या वर तर तातडीने. मुलाच्या बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर आकडा कितीही असो, निघा.

दोन, ऑक्सिमीटर. नखांवर रंग नको, हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं बसून मग बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. लावल्या लावल्या दिसणारा पहिला आकडा खोटा असतो. ९५ आणि वर ठीक, ९४ किंवा खाली दवाखाना, ९० किंवा खाली १०८ ला फोन. ओठ निळसर, बडबडणं, झोपेतून नीट न उठणं, छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तरी १०८. यंत्र ९६ दाखवतंय म्हणून धापा टाकणाऱ्या माणसाला घरी ठेवू नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा

ताप गेला, पण खोकला जात नाही, ही यातली नेहमीची तक्रार. आधारपेशींनी विभागायला पहिल्या आठवड्यातच सुरुवात केलेली असते, मात्र आधी नुसत्या चपट्या पेशींचा थर बसतो. त्यांच्यावर केस उगवून ते एका लयीत हलायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर खोकलाच गव्हाणीचं काम करतो, म्हणून कफ येत असताना खोकला दाबणारं औषध घेऊ नका. कोरड्या उबळीने झोप उडत असेल तर झोपताना एक चमचा मध पुरे.

या काळात धूर टाळा: विडी-सिगारेट, चूल, शेतात पेटवलेलं पाचट, चिपाडांवर पेटलेलं चुलवाण. गुऱ्हाळावर काम असेल तर निदान दोन आठवडे चुलवाणाच्या तोंडाशी बसायचं काम दुसऱ्याकडे द्या.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण घाम काढला की ताप जातो हा समज आखाड्यातून निघत नाही. अंगात ताप असताना जोर-बैठका मारू नका. फ्लूमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि तेव्हाचा जोर जिवावर बेततो. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसला की चालायला लागा. तीन-चार दिवस त्यात धाप लागली नाही तर नेहमीच्या निम्म्या बैठका, कुस्ती त्यानंतर. छातीत दुखलं, धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबायचं आणि ईसीजी काढायचा. तोच २४ तासांचा नियम शाळेला आणि कामालाही, त्याआधी गेलात तर वर्गात वाटून याल.

घरच्यांनी हात साबणाने २० सेकंद धुवावेत. फ्लू, कोविड, आरएसव्हीभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. ऱ्हायनो आणि अॅडेनोला ते आवरणच नसतं, त्यामुळे सॅनिटायझरपेक्षा हात चोळून धुताना वाहणारं पाणीच त्यांना वाहून नेतं. पाऊस असला तरी आजाऱ्याच्या खोलीची एक खिडकी चार बोटं उघडी राहू द्या.

चौदावा दिवस उलटला आणि खोकला आहे, तर तो कमी होत असला तरी थुंकी तपासून घ्या. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे क्षयाची तपासणी, हा देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. थुंकी सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोल खोकून काढलेली हवी. तोंडातली लाळ दिली तर तपासणी वाया जाते. वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, थुंकीत रक्त यातलं काही असेल तर चौदाव्या दिवसाचीही वाट पाहू नका.

फ्लूची लस दर वर्षी बदलते आणि अंगात तयारी व्हायला साधारण दोन आठवडे घेते. कोल्हापुरात पाऊस जूनमध्ये सुरू होतो, तेव्हा घरात वर सांगितलेल्यांपैकी कोणी असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यातला एक चौकोन त्यासाठी रंगवून ठेवा.